मृत्युपत्र आयसीयूच्या दाराशी लिहायचं नसतं

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मृत्युपत्राचा विषय घरात काढला की कुणीतरी "शुभ बोला" म्हणतं आणि विषय तिथंच मिटतो. तो पुन्हा निघतो तो थेट नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये. एकाने धावत जाऊन ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणलेला असतो, दुसऱ्याने शाईचा पॅड, आणि सलाइन लावलेल्या हाताचा अंगठा कागदावर टेकवला जातो. घरच्यांना वाटतं, वेळेत काम झालं. वेळ तर केव्हाच निघून गेलेली असते. असे कागद पुढे सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात भावाबहिणींना वर्षानुवर्षं समोरासमोर उभं करतात. म्हणून मृत्युपत्र नेमकं कधी करावं, यावर थोडं सविस्तर लिहीत आहे.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५९ नुसार सज्ञान आणि मन ठिकाणावर असलेली कुणीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. आजारामुळे, नशेमुळे किंवा अन्य कारणाने आपण काय करतो आहोत हेच कळत नसेल, तर त्या अवस्थेत ते करता येत नाही, हेही तेच कलम सांगतं. म्हणजे खालची अट वयाची आहे, १८ वर्षांची. वरची अट समजेची आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, रोज पेपर वाचणाऱ्या आजोबांचं मृत्युपत्र बिनतोड ठरू शकतं आणि व्हेंटिलेटरवरच्या पंचेचाळिशीतल्या माणसाचं टिकत नाही.

मग वेळ कोणती? मी गेलो तर कायद्याने माझं कुणाला जाईल, आणि माझ्या मते कुणाला जायला हवं, या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या दिवशी वेगळी येतात, तो दिवस मृत्युपत्राचा. बहुतेकांच्या आयुष्यात हा दिवस साठीत नाही, पस्तिशीतच येतो, आणि तो आल्याचं कळतही नाही.

उदाहरण घ्या. बेशाला फ्लॅट, त्यावर गृहकर्ज, बायको, सहा वर्षांची मुलगी, आणि काटोलला राहणारी आई. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर. तो मृत्युपत्र न करता गेला, तर फ्लॅट बायकोचा होतो असं जवळजवळ प्रत्येक जण गृहीत धरतो. तसं होत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगी आणि आई या तिघी पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेल्या, वारस. प्रत्येकीला एक तृतीयांश. बायकोला कर्ज झेपेना म्हणून फ्लॅट विकायचा ठरवला, तर सासूबाईंची सही लागते. मुलगी अज्ञान, म्हणून तिचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. आई ही नैसर्गिक पालक असली तरी. ती परवानगी मिळेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही आणि बँकेचा हप्ता तर थांबतच नाही. उद्या सासूबाई गेल्या, तर त्यांचा तृतीयांश त्यांच्या सगळ्या मुलांकडे, म्हणजे दीर-नणंदांकडेही जातो. सगळी माणसं चांगली असली तरी हे एवढं होतं. "माझा फ्लॅट माझ्या पत्नीला पूर्ण मालकी हक्काने" हे एक वाक्य, खाली सही आणि दोन साक्षीदार, एवढ्यावर यातलं बहुतेक टळलं असतं. आईची सोय करायची असेल तर तिच्या नावाने वेगळी मुदत ठेव लिहिता येते.

म्हणून पहिली वेळ: घर घेतलं किंवा मूल झालं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. मुलं लहान असतील तर मृत्युपत्रात त्यांचा पालकही नेमता येतो. आईवडील दोघंही एकाच अपघातात गेले तर मुलं कुणाकडे वाढावीत, हे आपण लिहिलं नाही तर दोन्हीकडची माणसं न्यायालयासमोर ठरवत बसतात.

अविवाहितांची गत निराळी. अविवाहित मुलगा गेला तर सगळं आईला. वडील पहिल्या वर्गात नाहीतच, आई हयात असेल तर त्यांना काही मिळत नाही. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला पैसे जावेत असं वाटत असेल, तर ते लिहूनच ठेवावं लागतं.

आता स्त्रियांबद्दल, आणि इथे मला आग्रहानेच लिहायचं आहे. मुलंबाळं नाहीत, नवरा हयात नाही, अशा हिंदू स्त्रीने स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रमांक त्यांच्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा एक निकाल आहे. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरहून हाकलून दिलेल्या स्त्रीला माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली. ती मृत्युपत्र न करता गेली. तिचा भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतला पैसा आईला नाही, तर तिच्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. सहानुभूती एकीकडे आणि कलम दुसरीकडे, असं न्यायालयालाही म्हणावं लागलं. नागपुरात शाळांमध्ये, बँकांमध्ये, मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत, रेल्वेत आयुष्यभर नोकरी केलेल्या कितीतरी एकट्या स्त्रिया आहेत. त्यांनी पेन्शनीची वाट पाहू नये. आई, भाची, सांभाळणारी मैत्रीण, एखादी संस्था, ज्यांना द्यावंसं वाटतं त्यांचं नाव आजच कागदावर यायला हवं.

दुसरं लग्न, दत्तक, सावत्र मुलं, घरी सांभाळायला ठेवलेला पुतण्या: या घरांमध्ये कायद्याचा वारस आणि मनातला वारस हमखास वेगळा निघतो. सावत्र मुलगा सावत्र बापाचा वारस ठरत नाही, तो कितीही जीव लावो. त्याला काही द्यायचं तर लिहून द्यावं लागतं.

मूल दिव्यांग असेल, विशेषतः बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर मृत्युपत्र एकट्याने पुरत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यायचा आणि मृत्युपत्रात रक्कम मुलाच्या हातात न देता त्याच्यासाठी केलेल्या न्यासाकडे (ट्रस्टकडे) द्यायची. नुसतं "मोठा भाऊ सांभाळेल" असं लिहून सगळं मोठ्याला दिलं, तर धाकट्याच्या हाती कायद्याने काहीच उरत नाही. भाऊ भला निघाला तरी भावाच्या मागे काय, हा प्रश्न राहतोच.

आजाराच्या बाबतीत वेळ फार नेमकी साधावी लागते. विसरभोळेपणाची तपासणी सुरू झाली, पार्किन्सनने हात कापायला लागला, मोठी शस्त्रक्रिया ठरली, की त्याच आठवड्यात मृत्युपत्र करावं. स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीला माणूस बरंच समजून बोलतो. वर्षभराने त्याच सहीवर कुणीही बोट ठेवू शकतो. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, "रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून स्वतःच्या मालमत्तेबद्दल समजून निर्णय घेऊ शकतो" असं प्रमाणपत्र त्याच तारखेचं घ्यावं. शक्य असेल तर डॉक्टरांनाच दोघांपैकी एक साक्षीदार करावं. इथे एक चूक वारंवार होते. डॉक्टर फक्त "शुद्धीवर आहे" असं लिहून सही करतात आणि घरचे तीच साक्ष समजतात. साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याची सही पाहून, त्याच्यासमोर, साक्षीदार म्हणून सही केलेली असावी लागते. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर मदत होते, पण तो या सह्यांची जागा घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठेवलेली इच्छा तर मृत्युपत्र ठरतच नाही.

एक वेळ मात्र टाळावी, आणि ती म्हणजे भांडणानंतरचा आठवडा. सुनेशी खटका उडाला, मुलाने फोन उचलला नाही, म्हणून रागाने केलेल्या मृत्युपत्रात कारणं फार लिहिली जातात. ती कारणंच पुढे वकिलांच्या उपयोगी पडतात. एखाद्या वारसाला काही द्यायचं नसेल, तर त्याचं नाव घेऊन "याला मी हयातीत पुरेसं दिलं आहे, म्हणून या मृत्युपत्राने काही देत नाही" असं शांतपणे एका वाक्यात लिहावं. नाव पूर्णच गाळलं तर "वडिलांना माझा विसर पडला होता, म्हणजेच त्यांना भान नव्हतं" असा युक्तिवाद उभा राहतो. १९५९ च्या एका गाजलेल्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय मृत्युपत्राभोवतीच्या संशयास्पद परिस्थितीकडे बारकाईने पाहत आलं आहे: कापरी सही, आजारी मन, अनैसर्गिक वाटणी, आणि ज्याला सगळ्यात जास्त मिळतं त्यानेच पुढाकार घेऊन केलेला कागद. संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते.

कागदाकडे वळू. स्टॅम्प पेपर लागत नाही. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्कच नाही. साधा, जाडसर कोरा कागद पुरतो. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. भाषा मराठीच असावी, म्हणजे करणाऱ्याला स्वतःला वाचता येईल अशी. इंग्रजी मसुद्यावर मराठीत सही असली की "त्यांना हे कळलं होतं का" हा पहिला प्रश्न येतो. अंगठा लावायचा असेल किंवा दृष्टी अधू असेल तर "मजकूर मला वाचून व समजावून सांगितला, तो बरोबर आहे" हे वाक्य आत हवं. प्रत्येक पानावर सही आणि "पान ४ पैकी १" असा क्रमांक. शेवटच्या पानावर नुसती सही नको, मजकुराच्या किमान चार ओळी हव्यात. नाहीतर आधीची पानं बदलल्याचा आरोप करणं सोपं जातं. खाडाखोड झाली तर त्या जागी, समासात, करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही हवी. त्यापेक्षा पान नव्याने टाइप करा.

साक्षीदार दोन. दोघं एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, पण ठेवावेत. त्यांनी मजकूर वाचण्याची गरज नाही. ते कोण असावेत याचा विचार लोक सगळ्यात कमी करतात. ऐंशी वर्षांच्या गृहस्थांचे साक्षीदार म्हणून सकाळच्या फिरण्यातले दोन समवयस्क मित्र येतात, आणि कागद उघडायची वेळ येते तेव्हा दोघंही नसतात. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायचं तर किमान एका साक्षीदाराला साक्षीला यावं लागतं. दोघंही हयात नसतील तर त्यांच्यापैकी एकाचं अक्षर आणि करणाऱ्याची सही ओळखणारी माणसं शोधत हिंडावं लागतं. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी तरुण, नागपुरात मुक्काम असलेले निवडा आणि त्यांचा पूर्ण पत्ता लिहा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत अशा साक्षीदाराला दिलेली देणगीच रद्द होते. हिंदूंमध्ये ती आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला आयतं निमित्त मिळतं.

मालमत्तेचं वर्णन हा नागपूरकरांचा खास अडचणीचा भाग, म्हणून इथे थोडं थांबतो. "माझं हुडकेश्वरचं घर" एवढ्याने काम भागत नाही. मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका नंबर, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ चौरस फुटांत आणि चौरस मीटरमध्ये, चतुःसीमा, महापालिकेचा घर क्रमांक, रजिस्ट्रीचा दस्त क्रमांक आणि तारीख, हे सगळं यावं. जुन्या शहरात, महाल-इतवारीत, आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकी-नोंदीवर, अजून आजोबांचं नाव असतं आणि नातू त्या वाड्याचं मृत्युपत्र करायला निघतो. आधी नोंद आपल्या नावावर आणा. तो वाडा वडिलोपार्जित असेल तर फक्त आपल्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहहिस्सेदार आहेत आणि महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच तशी तरतूद होती. बहिणींना वगळून सगळा वाडा दोन भावांना, असं लिहिलेला कागद त्या हिश्श्यापुरता कोराच.

नागपूर सुधार प्रन्यासचा किंवा नझूलचा, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीचा, प्लॉट भाडेपट्ट्याचा असेल, तर आपण जमिनीचे मालक नाही. तिथे "भाडेपट्ट्याचा उरलेला हक्क व त्यावरील बांधकाम" असं लिहायचं. पट्ट्याचं नूतनीकरण थकलं असेल तर ते हयातीतच करून घ्या; वारसाच्या वाट्याला थकबाकी आणि दंडच आधी येतो. शहराच्या कडेच्या लेआउटमधल्या प्लॉटवर गुंठेवारीखाली नियमितीकरण पत्र, ज्याला सगळे 'आरएल' म्हणतात, ते निघालं आहे की नाही, पैसे कुठवर भरले, हे मृत्युपत्रासोबतच्या यादीत लिहून ठेवा. सगळ्यात कच्ची बाजू असते गृहनिर्माण सोसायटीच्या वाटपपत्रावर घेतलेल्या प्लॉटची. पैसे पूर्ण भरलेले, ताबा आहे, पण रजिस्ट्री कधी झालीच नाही. मृत्युपत्राने आपल्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच पुढे जातो. रजिस्ट्री नसेल तर मुलांना मिळतो तो फक्त सोसायटीशी भांडायचा हक्क. आणि "पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे ना मुलाकडे" यावर विसंबू नका. आममुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं.

काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वरकडे शेती असेल तर सातबाऱ्यावर खातं सामाईक आहे का, भोगवटादार वर्ग १ की २, म्हणजे जमीन पूर्ण मालकीची की हस्तांतरावर सरकारी अट असलेली, हे आधी पाहा. सामाईक खात्यात वाटणी न होता "विहिरीकडची तीन एकर संत्र्याची बाग थोरल्याला" असं लिहिलं, तर ती तीन एकर आपली आहे हे कागदावर कुठंच नसतं. आधी भावांशी वाटणी, मोजणी, फेरफार, मग मृत्युपत्र. विहीर, बोअर, वीजपंपाचं कनेक्शन आणि बांधावरची वाट कुणी कशी वापरायची तेही लिहा. बाग एकाला आणि विहीर दुसऱ्याच्या वाट्याला गेली की पहिल्याच उन्हाळ्यात बाग वाळते.

वाटणी कशी करावी हा ज्याचा त्याचा प्रश्न, तरी एक मत मांडतो. एक घर आणि तीन मुलं असतील तर "तिघांना समान" हे वरवर न्यायाचं वाटतं, पण घराचे तीन तुकडे होत नाहीत. घर एकाला देऊन त्याने इतर दोघांना दोन वर्षांच्या आत इतकी रक्कम द्यावी असं लिहा, नाहीतर व्यवस्थापकाने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला त्यातच नेमलेल्या माणसाने, घर विकून रक्कम तिघांत वाटावी असं स्पष्ट सांगा. दुसरी लोकप्रिय पद्धत म्हणजे "पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, नंतर मुलाला". हेतू चांगला असतो. पण उद्या तिला शस्त्रक्रियेसाठी पैसे लागले तर ती घर विकू शकत नाही, आणि तो हक्क मर्यादित की पूर्ण यावर पुढे वाद होतो तो वेगळाच. संसार दोघांनी उभा केला असेल तर बायकोला पूर्ण मालकी द्यावी आणि तिने आपलं मृत्युपत्र वेगळं करावं. नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र करू नये. एक गेल्यावर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो का, यावरच घोळ सुरू होतो. बायकोचं स्त्रीधन, तिच्या पाटल्या, गोफ, एकदाणी, हे नवऱ्याने आपल्या मृत्युपत्रात वाटूच नये. ते त्याचं नाही.

ज्याला दिलं तोच आधी गेला तर काय, हेही लिहा. अपत्याला दिलेलं असेल आणि ते मुलंबाळं मागे ठेवून गेलं, तर साधारणपणे ती देणगी वाया जात नाही. पण भावाला, मित्राला, भाचीला दिलेली जाते. शेवटी "वर न लिहिलेली किंवा यापुढे मिळणारी माझी इतर सर्व मालमत्ता अमुक यांना" हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर मृत्युपत्रानंतर उघडलेलं खातं पुन्हा वारसा कायद्याच्या वाटेने जातं.

बँक खाती, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, डीमॅट यांवर नॉमिनी लावला की मृत्युपत्राची गरज नाही, हा समज फार खोल रुजला आहे. नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी रक्कम ताब्यात घेणारा विश्वस्त. शेअर्सच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा हेच सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात. त्याने पैसे काढणं सोपं होतं, मालकी ठरत नाही. दोन्ही कागदांत एकच नाव ठेवा, म्हणजे बँकेच्या काउंटरवर आणि घरात वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्या लागणार नाहीत.

हेच नियम बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहेत. नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण अनेक बौद्ध कुटुंबांना आपला वारसा कायदा वेगळा असेल असं वाटतं. मुस्लिम व्यक्तीला अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, त्यापुढे वारसांची संमती लागते. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम आपोआप लागू होत नाही. तिथे वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी असं माझं ठाम मत आहे. फी नाममात्र आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर माहिती आधी भरून, करणारा आणि दोन्ही साक्षीदार आधार-पॅनसह दुय्यम निबंधक कार्यालयात जातात. फोटो निघतो, अंगठे घेतले जातात. सही केल्यापासून चार महिन्यांची जी मुदत इतर दस्तांना आहे ती मृत्युपत्राला नाही, नोंदणी कधीही करता येते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी अर्ज केल्यावर अधिकारी घरी येऊ शकतात. मुलांना कळेल या भीतीने लोक नोंदणी टाळतात. मृत्युपत्राची नोंद पुस्तक क्रमांक ३ मध्ये होते आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याच्याशिवाय किंवा त्याच्या मुखत्याराशिवाय कुणालाही मिळत नाही. मात्र नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही. नंतर केलेलं साधं, नोंदणी नसलेलं मृत्युपत्रही आधीच्या नोंदवलेल्याला रद्द करू शकतं. म्हणून तारीख स्पष्ट हवी आणि "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवं. नागपुरातल्या मालमत्तेसाठी नागपुरात केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, बंधनकारक नाही. वारसांत वाद असेल किंवा एखाद्या संस्थेने मागितलं तर ते घ्यावं लागतं.

मृत्युपत्राऐवजी सरळ बक्षीसपत्र करून मोकळं होण्याचा मोह अलीकडे वाढला आहे, कारण राहतं घर किंवा शेती पती-पत्नी, मुलं, नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. इतर अधिभार वेगळे. पण बक्षीसपत्र झालं की मालकी त्याच दिवशी गेली. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. द्यायचंच असेल तर "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात असू द्या, म्हणजे ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली दाद मागता येईल.

एकदा केलं की संपलं असं नाही. मालमत्ता विकली, घेतली, वाटणी झाली, जोडीदार गेला, मुलीचा घटस्फोट झाला, व्यवस्थापक नेमलेला भाचा कॅनडाला गेला, की मृत्युपत्र काढून वाचावं. छोटा बदल असेल तर पुरवणी चालते, तीही दोन साक्षीदारांसमोर. तीन पुरवण्या जोडायची वेळ आली तर सरळ नवं करा. मुलं परदेशात असतील तर व्यवस्थापक इथला, नागपुरातला नेमा. फेरफार, आखीव पत्रिका, प्रन्यास, महापालिका यांच्या पायऱ्या चढायला इथं माणूस लागतो.

मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला मृत्युपत्र लागतं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये असतं. घरातल्या कपाटात, व्यवस्थापकाला माहीत असलेल्या जागी ठेवा, किंवा बंद लखोट्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवा, तशी सोय नोंदणी कायद्यात आहे. देहदान, नेत्रदान, अंत्यविधी कसे व्हावेत, हे मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र साधारणपणे तेरवीनंतर उघडलं जातं.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून नोंदणी विभागाला एक विनंती आहे. नागपूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत आठवड्यातली एक सकाळ ज्येष्ठ नागरिकांच्या मृत्युपत्रांसाठी राखून ठेवावी, तळमजल्यावर, बसायला खुर्च्या आणि प्यायला पाणी असेल अशा ठिकाणी. मे महिन्यात ४५ अंशांत, खरेदीखतांच्या गर्दीत दोन-तीन तास टोकन धरून उभं राहणं सत्तरीच्या माणसाला जमत नाही, आणि मग तो "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणत घरी जातो. गृहभेटीसाठी अर्ज कुणाकडे करायचा, फी किती आणि अधिकारी किती दिवसांत येतील, याचा मराठी फलक प्रत्येक कार्यालयाच्या दाराशी लावावा.

आपला,
दस्तलेखन व वारसा-नोंदींच्या कामातील एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर